चार इंचांचा कायदा : खिडकी आणि भिंत यांच्यामधल्या फटीचा इतिहास

जुन्या घराला नवी खिडकी बसवली की चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट राहतेच. जुनी भिंत ओळंब्यात नसते आणि नवी चौकट काटकोन सोडत नाही. दोघींचे जमणे कठीण. ही फट कशाने भरावी, हा प्रश्न गवंडी आणि सुतार यांच्यावर सोपवून मोकळे व्हावे असा वाटतो. परंतु लंडनच्या इतिहासात खिडकीच्या कडेची ही जागा दोनदा कायद्याचा विषय झाली आणि एकदा बहात्तर मृत्यूंच्या चौकशीचा. आजचा धागा तिच्याविषयी.

प्रारंभ अर्थातच २ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधील एका बेकरीत लागलेल्या आगीने. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्च भस्मसात झाली. पुढच्याच वर्षीच्या पुनर्बांधणी कायद्याने घरांच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात असे ठरवले. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही कथा बहुधा इथेच संपते. मला तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण भिंत विटांची झाली तरी तिच्यातले लाकूड काही संपले नव्हते. दारे लाकडाची, छताखालची नक्षीदार पट्टी लाकडाची, आणि खिडकी तर सर्वांत जास्त लाकडाची.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांची चलती झाली. या खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडाची पोकळ पेटी असते. तिच्यात दोरीला टांगलेली वजने लपलेली असतात आणि त्यांच्या भाराने तावदान हवे तिथे थांबते. ही रुंद पेटी त्या काळी भिंतीच्या बाहेरील पृष्ठभागाशी जवळजवळ समतल बसवत. म्हणजे रस्त्यावरून उडालेल्या ठिणगीला वाळलेले लाकूड आयतेच समोर मिळे.

म्हणून १७०९ च्या कायद्याने लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरील अंगापासून किमान चार इंच आत असावी असा नियम घातला. १७७४ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले: पेटी विटांमागच्या खाचेत दडलेली असली पाहिजे, बाहेरून तिची जेमतेम कड दिसावी. वेस्टमिन्स्टरमधील क्वीन ॲन्स गेटची अठराव्या शतकाच्या आरंभीची घरे आणि १७७५ नंतर उभा राहिलेला बेडफर्ड स्क्वेअर यांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात रुंद पांढऱ्या चौकटी भिंतीवर चिकटवल्यासारख्या दिसतात. दुसऱ्यात खिडक्या सावलीत मागे सरकलेल्या. लंडनमधील घराचे वय ओळखण्याची ही एक बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे. (लंडनबाहेर मात्र जपून, तिथे हा बदल सक्तीने न येता बऱ्याच ठिकाणी फॅशन म्हणून, उशिरा पोहोचला.)

हा कायदा आगीसाठी होता. पण चौकट खाचेत गेल्यामुळे फटीचा स्वभावच बदलला. पूर्वी वारा आणि पाऊस सरळ आत शिरत. आता वाटेत विटेची कड आडवी आली, वाऱ्याला वळसा घालावा लागू लागला. उरलेल्या फटीत केस मिसळलेला चुना दाबत आणि बाहेरून भाजलेली वाळू व जवसाचे तेल यांची लांबी भरत. ही लांबी काहीशी लवचीक राहते, आणि लाकूड ऋतूंप्रमाणे फुगत-आकसत असल्यामुळे तेवढी लवचीकता लागतेच. स्वीडनमध्ये याच कामाला जवसाच्या झाडाचा चोथा, म्हणजे तागासारखे खरखरीत धागे, वापरत. तंत्र जहाजबांधणीच्याच जातीचे: फळ्यांमधील सांधे तंतू ठासून बुजवायचे. आपल्याकडच्या खलाशांच्या बोलीत त्याला ‘कालापत्ती’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीज ‘कालाफाते’वरून आलेला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८९४ च्या लंडन बिल्डिंग ॲक्टनंतर, खिडकी मागे ठेवण्याचे बंधन सैलावले. चार इंचांमागचे कारण हळूहळू विस्मृतीत गेले.

विसाव्या शतकात फटीकडे पाहण्याची दृष्टी पालटली ती ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटाने. काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत सुमारे चौपट झाली, आणि घरातून निसटणारी ऊब म्हणजे निसटणारा पैसा, हे थंड देशांतील प्रत्येकाला कळले. स्वीडिश अभियंत्यांनी खिडकीच्या जागी पंखा बसवून घरात हवेचा दाब निर्माण करण्याची आणि त्यावरून गळती मोजण्याची पद्धत काढली. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात पोहोचल्यावर हा पंखा खिडकीतून दारात आला. फटी भरायला रसायनशास्त्र सज्ज होतेच: १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या कुळातील फेस आणि पत्रे. चुना, केस, ताग यांची जागा त्यांनी घेतली. ऊब धरून ठेवण्यात ते चुन्याच्या कितीतरी पुढे आहेत. पण चुना जळत नाही.

आता पश्चिम लंडनमधील ग्रेनफेल टॉवरकडे येऊ. १९७४ साली पूर्ण झालेली, काँक्रीटची, २४ मजली इमारत. २०१२ ते २०१६ या काळात तिचे नूतनीकरण झाले; घरे उबदार राहावीत हा त्यामागचा एक प्रमुख हेतू. बाहेरून उष्णतारोधक थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे आले, ज्यांच्या पोटात पॉलिएथिलीन होते. नव्या खिडक्या जुन्या जागेपेक्षा पुढे, या नव्या आवरणाच्या रेषेत सरकवल्या गेल्या. चौकट आणि मूळ काँक्रीट यांच्यामध्ये त्यामुळे जी फट पडली, ती रबरी पडदा, ज्वलनशील फेसाचे तुकडे आणि प्लॅस्टिकची पट्टी यांनी झाकण्यात आली. खिडक्यांभोवती आग अडवणारे अडसर नव्हते.

१४ जून २०१७ च्या पहाटे १२ वाजून ५४ मिनिटांनी चौथ्या मजल्यावरून अग्निशमन दलाला दूरध्वनी गेला. स्वयंपाकघरातील फ्रीजपाशी आग लागली होती. अशी आग कोणत्याही घरात लागू शकते आणि इमारतीने ती एका घरापुरती रोखणे अपेक्षित असते. जवानांनी स्वयंपाकघरातील आग विझवलीही, पण तोवर ती खिडकीच्या कडेने बाहेर पडली होती. कडेची प्लॅस्टिकची पट्टी पाणी उकळण्याच्या तापमानाच्या आधीच मऊ पडू लागते. ती वाकली, गळाली आणि आवरणामागच्या पोकळीत शिरण्याची वाट मोकळी झाली, असा संभव सर्वाधिक असल्याचे चौकशीच्या २०१९ च्या पहिल्या अहवालात नोंदवले आहे. रात्री दीडच्या सुमारास ज्वाला माथ्यावर पोहोचल्या होत्या. ७२ माणसे गेली.

वेगाने पसरण्याचा मुख्य दोष त्या पत्र्यांचा, आणि ते वापरू देणाऱ्या व्यवस्थेचा. २०२४ चा दुसरा अहवाल त्यावर सविस्तर बोलतो. सगळे खापर फटीवर फोडणे हा अतिरेक ठरेल. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याची नजर त्या खिडक्यांच्या जागेवर अडखळते. ज्या शहराने आगीच्या धास्तीने खिडकी चार इंच मागे ढकलली, त्याच शहरात ती ऊब आणि देखणेपणासाठी पुन्हा पुढे आणली गेली, आणि तिच्या कडेला काय भरले आहे याची पुरेशी विचारणा कोणी केली नाही.

डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्यभिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यास बंदी आहे. या नियमाला सवलतींची एक यादी जोडलेली आहे. खिडक्यांच्या चौकटी, काचा आणि सांधे बुजवणारे सीलंट त्या यादीत आहेत.