प्रशांत भूपट्टाचं कुळ आणि मूळ

पृथ्वीचं कवच अखंड नाही. ते लहानमोठ्या भूपट्टांचं बनलं आहे आणि त्यांच्या आकारांतली तफावत थक्क करते. प्रशांत भूपट्ट सुमारे १० कोटी चौरस किलोमीटरांचा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला खेटून असलेला हुआन दे फुका जेमतेम अडीच लाखांचा, म्हणजे महाराष्ट्राहूनही लहान. पण सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी पारडं उलटं होतं. प्रशांत भूपट्ट तेव्हा नुकता जन्मला होता आणि हुआन दे फुकाचा पूर्वज फॅरॅलॉन हा अफाट सागरतळाचा धनी होता.

ही वंशावळ वाचता येते ती समुद्रतळाच्या बेसाल्टमध्ये. जलमग्न पर्वतरांगांवर भूपट्ट एकमेकांपासून दूर सरतात, फटीतून शिलारस वर येतो आणि थिजतो. थिजताना त्यातली लोहयुक्त खनिजं पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे क्षेत्र अधूनमधून उलटतं, त्यामुळे रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे तयार होतात. १९५५ मध्ये ‘पायोनियर’ जहाज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर चुंबकमापक ओढत फिरलं, तेव्हा हे पट्टे नकाशावर उमटले. त्यांचा अर्थ १९६३ मध्ये फ्रेड वाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी लावला. समुद्रतळाचा जन्मदाखला हाती आला तो तेव्हा, असं मी मानतो.

मारियाना गर्तेच्या पूर्वेला या पट्ट्यांचे तीन संच तीन दिशांना गेलेले आहेत. आत जावं तसतसं वय वाढत जातं आणि मधोमध एक त्रिकोण उरतो. प्रशांत भूपट्टाचं जन्मस्थान हेच. इझानागी, फॅरॅलॉन आणि फिनिक्स हे तीन जुने भूपट्ट जिथे भिडत होते, तिथे हा चिमुकला तुकडा उपजला. जागेनंच त्याचं नशीब उघडलं. तिन्ही बाजूंना पर्वतरांगा, त्यामुळे तिन्ही बाजूंनी नवा खडक जोडला जायचा आणि बुडणारी कड एकही नव्हती. शेजाऱ्यांची एक कड अशीच वाढत होती, पण दुसरी गर्तेतून खंडांखाली जात होती आणि जमेपेक्षा खर्च जास्त होता.

इझानागी आशियाखाली पार नाहीसा झाला. फिनिक्सचा शेवटचा अवशेष अंटार्क्टिक भूपट्टात सामावला. फॅरॅलॉनचं मात्र सविस्तर सांगायला हवं. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी प्रशांत आणि फॅरॅलॉन यांच्यामधली पर्वतरांगच उत्तर अमेरिकेजवळच्या गर्तेला येऊन भिडली. तिथला फॅरॅलॉन संपला आणि प्रशांत व उत्तर अमेरिकी भूपट्ट एकमेकांना घासू लागले. सॅन अँड्रियास भ्रंशाचं मूळ त्यात आहे. तान्या अॅटवॉटर यांनी १९७० मध्ये ते उलगडून दाखवलं. पुढे, सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, दक्षिणेकडचा भाग दुभंगून कोकोस आणि नाझ्का वेगळे झाले. उत्तरेला उरला हुआन दे फुका. बुडालेला फॅरॅलॉन आजही उत्तर अमेरिकेच्या पोटात, प्रावरणात खोलवर, भूकंपलहरींच्या अभ्यासातून दिसतो.

उरलेला तुकडा लहान आहे म्हणून गरीब समजू नये. जानेवारी १७०० मध्ये जपानच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली. गावोगावी तिच्या नोंदी झाल्या, पण धरणीकंप कुणालाच जाणवला नव्हता. पलीकडे, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, जमीन खचून खाऱ्या पाण्यात गेलेल्या सीडर वृक्षांची वाळलेली खोडं उभी होती. त्यांच्या वर्तुळांवरून कळलं की ती झाडं १६९९च्या वाढीच्या हंगामानंतर आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधी मेली. धागे जुळले: २६ जानेवारी १७००च्या रात्री हुआन दे फुका आणि उत्तर अमेरिकी भूपट्टाच्या सीमेवर सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला होता.

फॅरॅलॉनची झाली तशी वाटणी आपल्या भूपट्टातही झाली आहे. अनेक नकाशांत ‘इंडो-ऑस्ट्रेलियन’ असा एकच भूपट्ट दाखवतात. पण हिमालयाशी टक्कर घेणारा भारत अडतो आहे आणि ऑस्ट्रेलियाचा भाग पुढे रेटतो आहे, त्यामुळे हिंदी महासागराच्या तळाशी मधला खडक चुरगळतो आणि तडकतो. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला तो गर्तेवर नव्हे, भूपट्टाच्या आतल्या भागात. आज बरेच भूशास्त्रज्ञ भारतीय आणि ऑस्ट्रेलियन हे दोन वेगळे भूपट्ट म्हणूनच मोजतात.