चौकटीत कोण, चौकटीमागे कोण



यंदा ८ मार्चला गावातल्या बायांच्या कामाचं फोटो प्रदर्शन लावायचं, असं आम्ही गटातल्या सहाजणींनी ठरवलं. जुने फोटो मागत घरोघर फिरलो. पत्र्याच्या पेट्या उघडल्या, लग्नाचे अल्बम निघाले. एकेका अल्बममध्ये दोन-दोनशे फोटो. हळद, वरमाला, आहेर, पंगत, सगळं होतं. पण त्या पंगतीसाठी पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या बाया एकाही फोटोत सापडेनात. भिंतीवर आज्यांचे फोटो होते. विचारलं तर कळलं, की आजी गेल्यावर तिच्या मतदार ओळखपत्रावरचा फोटो तालुक्याच्या स्टुडिओत नेऊन मोठा करून आणलाय. अंगावरची साडीसुद्धा तिची नव्हे, स्टुडिओवाल्यानं जोडलेली.

मग म्हटलं, जुने नाहीत तर नवे काढू. मोबाइल तर हातात आहेच. पण जिच्याकडे जावं ती एकच विचारायची, "इथं फोटो काढण्यासारखं काय आहे, बाई?"

हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. म्हणून आम्ही कॅमेऱ्याचा इतिहास वाचायला घेतला. त्यात दोन बाया भेटल्या. दोघींनीही फोटोसाठी लांब कुठं न जाता आपल्या अवतीभवतीचंच पाहिलं होतं. आजचं बोलणं त्या दोघींबद्दल.

पहिली ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. तिचा जन्म १८१५ सालचा, कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी. लग्नही कलकत्त्यातच झालं. पुढं ती इंग्लंडला गेली आणि १८६० मध्ये वाइट नावाच्या बेटावर, फ्रेशवॉटर गावात राहू लागली. १८६३ च्या डिसेंबरात तिच्या मुलीनं आणि जावयानं तिला एक कॅमेरा भेट दिला. तेव्हा ती ४८ वर्षांची होती. मुलं मोठी झालेली, नवरा कामानिमित्त दूर. एकटेपणात आईचा वेळ जावा, एवढाच लेकीचा हेतू.

बाईनं घरातली कोळसा ठेवायची खोली रिकामी केली आणि तिथं अंधारखोली थाटली. अंगणातलं कोंबड्यांचं काचेचं खुराडं साफ करून त्याचा स्टुडिओ केला. म्हणजे जागा नवी नाही, घरातलीच; फक्त तिचा उपयोग बदलला.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे बोटानं दाबलं आणि झालं, असं नव्हतं. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रव्य ओतायचं, मग ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतल्यावर ती वाळायच्या आत पुन्हा अंधारखोलीत पळायचं. थोडा उशीर झाला की सगळं वाया. सिल्व्हर नायट्रेटनं हात काळे पडायचे, कपड्यांवर डाग पडायचे. समोर बसणाऱ्यानं काही मिनिटं हलायचं नाही. तरी बाईनं महिन्याभरात आपला पहिला मनासारखा फोटो काढला. १८६४ चा जानेवारी होता, आणि समोर होती गावातली एक लहान मुलगी.

मग तिनं कुणाचे फोटो काढले? डार्विन आणि कवी टेनिसन यांच्यासारखी मोठी माणसं तिच्या कॅमेऱ्यापुढं बसली, हे खरं. पण तिच्या कितीतरी फोटोंमध्ये दिसतात त्या तिच्या घरच्या कामवाल्या. इटलीच्या जुन्या चित्रकारांची चित्रं तिच्या मनात घर करून होती. त्यात येशूची आई मेरी असते, मांडीवर मूल, डोक्यावरून पदरासारखं वस्त्र. ज्युलियाबाईनं घरात काम करणाऱ्या मेरी हिलियरच्या डोक्यावरून साधं कापड घेतलं, शेजारचं एखादं मूल तिच्या मांडीवर दिलं, उजेड एका बाजूनं येऊ दिला आणि फोटो घेतला. तिच्या डोळ्यांना सकाळी भांडी घासणाऱ्या बाईत दुपारी देवाची आई दिसली. मेरी हिलियरचे असे इतके फोटो निघाले, की तिचं नावच 'मेरी मॅडोना' पडलं.

जाणकार म्हणवणाऱ्यांनी तिला नावं ठेवली. फोटो धूसर आहेत, काचेवर डाग आहेत, बाईला तंत्र येत नाही, असं ते म्हणायचे. तिनं आपली रीत सोडली नाही. उलट आपल्या पाचशेच्या वर फोटोंची तिनं रीतसर नोंदणी केली आणि फोटोखाली स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं. हे आम्हाला फार मोठं वाटलं. काम करायचं आणि ते आपलं आहे, हेही लिहून ठेवायचं.

तिच्याकडे मेरी रायन नावाची आणखी एक मुलगी कामाला होती. लहानपणी आईबरोबर भीक मागायची, ज्युलियाबाईनं तिला घरी आणलं होतं. तिचा फोटो प्रदर्शनात पाहून एका तरुणाचं मन तिच्यावर बसलं. १८६७ मध्ये त्यांचं लग्न झालं. तो तरुण म्हणजे हेन्री कॉटन. पुढं बंगालमध्ये सनदी अधिकारी म्हणून त्यानं नोकरी केली, आणि १९०४ मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचा तो अध्यक्ष होता.

गोष्ट गोड आहे. पण आमच्या गटात इथं वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, "मालकीण म्हणाली हलू नकोस, तर कामवाली 'नाही' कसं म्हणणार?" बरोबर आहे. मेरीला उभं राहायची हौस होती, की तेही तिच्या कामातच धरलेलं होतं? फोटोवरून ते कळत नाही.

पुढचं वाचून तर ही शंका अजून पक्की झाली. १८७५ मध्ये कॅमेरॉन कुटुंब श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनला, आपल्या मळ्यांवर राहायला गेलं. तिथंही बाईनं मळ्यातल्या मजुरांचे, आसपासच्या माणसांचे थोडे फोटो काढले. एका फोटोचं नाव आहे 'कालुतारा इथल्या शेतकऱ्यांचा गट'. माणसांची नावं नाहीत. इंग्लंडमधल्या मोलकरणीचं नाव दीडशे वर्षांनी आपण इथं घेतोय, आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या त्या माणसांना नावच उरलं नाही. १८७९ मध्ये ज्युलियाबाई श्रीलंकेतच वारली.

आता दुसरी बाई. ही आपल्या मुंबईत शिकली. होमाई व्यारावाला. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घर पारशी, वडील नाटक कंपनीत. त्या १३ वर्षांच्या असताना माणेकशा व्यारावाला यांची ओळख झाली. कॅमेरा हाताळायला त्यांनीच शिकवलं, आणि पुढं लग्नही त्यांच्याशीच झालं.

होमाईबाई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. चित्र शिकणाऱ्याला आधी पाहायला शिकवतात. वस्तूवर उजेड कुठून पडतोय, सावली कुठं जातेय, कागदावर किती जागा मोकळी सोडायची. कॅमेऱ्यालाही नेमकं हेच लागतं. कॅमेरा घेऊन त्या कुठं डोंगरदऱ्यांत गेल्या नाहीत. आपल्याच वर्गमैत्रिणीचे त्यांनी फोटो काढले. मुंबईचे रस्ते, रोजचं जगणं, कामाला लागलेली माणसं टिपली. त्यांचे पहिले छापून आलेले फोटो होते बायकांच्या एका क्लबच्या सहलीचे. 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये ते आले. फोटोमागे एक रुपया मिळाला.

पुढं 'इलस्ट्रेटेड वीकली'त त्यांचे फोटो येऊ लागले. पण खाली नाव असायचं माणेकशांचं. होमाईबाईंना तेव्हा कुणी ओळखत नव्हतं, शिवाय त्या बाई. म्हणून सुरुवातीचं त्यांचं काम नवऱ्याच्या नावावर छापलं गेलं. ज्युलियाबाईनं स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, त्याला ७० वर्षं उलटून गेली होती. तरी होमाईबाईंच्या फोटोखाली त्यांचं नाव नव्हतं.

१९४२ मध्ये हे जोडपं दिल्लीला गेलं. ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात नोकरी लागली. साडी नेसून, जड कॅमेरे सांभाळत होमाईबाई पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहायच्या. भारताची पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचं नाव घेतात. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्याकडे लोटलेली माणसं, कबूतर सोडणारे पंडित नेहरू, अशी कितीतरी चित्रं आपल्याला माहीत आहेत. ती त्यांनी काढलीत, हे मात्र माहीत नसतं. त्या 'डालडा १३' या टोपणनावानंही फोटो छापायच्या. जन्म १९१३ चा, नवरा भेटला तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. नाव गमतीचं, पण त्यांनी स्वतः निवडलेलं.

१९६९ मध्ये माणेकशा गेले आणि पुढच्या वर्षी होमाईबाईंनी कॅमेरा ठेवून दिला. नंतर बडोद्यात त्या साधेपणानं राहिल्या. बरीच वर्षं त्या कुणाच्या लक्षात नव्हत्या. २००६ मध्ये सबीना गडिहोक यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा अनेकांना कळलं, की हे फोटो एका बाईचे आहेत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. वय होतं ९७. पुढच्या जानेवारीत त्या गेल्या.

मैत्रिणींनो, ही माहिती वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा घरोघर गेलो. या वेळी "काय आहे इथं?" असं कुणी म्हटलं, तर आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर दाखवायचो. लक्ष्मी, सरस्वतीची जी चित्रं आपण बघतो, त्यांची चाल राजा रविवर्म्यानं घालून दिली. १८९४ मध्ये त्यानं मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि ती चित्रं घराघरांत गेली. त्या चित्रात पदर कसा पडलाय, हात कसा धरलाय, नजर कुठं आहे ते बघा. मग दारात बसून तांदूळ निवडणाऱ्या आपल्या सासूबाईंकडे बघा. सकाळी नऊच्या सुमाराला उंबऱ्यातून उजेड आत येतो, सुपावर पडतो, तिथून चेहऱ्यावर जातो. त्यासाठी दिवा लागत नाही, स्टुडिओ लागत नाही.

आम्ही तीन नियम ठरवलेत. एक, आधी विचारायचं; नको म्हटलं तर नाही काढायचा. दोन, फोटोतल्या बाईचं पूर्ण नाव, काम, गाव आणि तारीख लिहायची. 'गावातील महिला' असं लिहायचं नाही. तीन, फोटो जिनं काढला तिचं नावही लिहायचं, मोबाइल भले नवऱ्याचा असो.

आतापर्यंत ४१ फोटो जमलेत. त्यात एक आहे ७० वर्षांच्या मावशींचा, गोधडी शिवताना. नातीनं काढलाय. मावशींनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही साडी माझीच आहे ना?" आम्ही म्हटलं, "होय मावशी, तुमचीच."

तुमच्याकडेही असा फोटो असेल, नसेल तर या आठवड्यात काढा, आणि केंद्रावर आणून द्या. मागे पेनानं दोन्ही नावं लिहायला मात्र विसरू नका. नमस्कार.