दगडाखालच्या अळीचे गुण

नदीतल्या किड्यांना गुण देण्याची पद्धत शहराच्या सांडपाण्यातून जन्मली. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८ आणि १९०९ साली याद्या मांडल्या: कुजकं पाणी कोणते जीव सोसतात, कोणाला ते मुळीच चालत नाही. बाटलीतला नमुना त्या घटकेचं पाणी दाखवतो. रात्री सोडलेली घाण सकाळपर्यंत वाहून गेली की बाटली निर्दोष! अळीला मात्र महिनोन्‌महिने तिथंच दिवस काढायचे असतात.

१९७६ साली ब्रिटनमध्ये नेमलेल्या कार्यगटाने या ओळखीचे गुण केले. दगडाला चिकटणाऱ्या, खळाळतं पाणी लागणाऱ्या काही कुळांना १०, गाळातल्या तांबड्या अळ्यांना २, गाळातल्या बारीक गांडुळांना १. फक्त कूळ ओळखायचं, जात शोधत बसायचं नाही. त्यामुळेच ही पद्धत दूरवर पोचली असावी. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नेदरलँड्सच्या सहकार्याने ती यमुनेवर पारखली आणि नद्यांचे पाच वर्ग ठरवले.

युरोपीय संघाने २००० साली कायदा करून खोऱ्याच्या नियोजनात जीवसृष्टीच्या स्थितीला मध्यवर्ती जागा दिली. आपल्याकडे अजून टीएमसीचं, म्हणजे अब्ज घनफुटांत पाणी मोजण्याचं, राज्य. गोदावरी लवादाचा १९८० चा निवाडा पाण्याच्या वाटणीचा. वर्धा-वैनगंगेच्या संगमातून निघणारी प्राणहिताही त्याच हिशेबात. गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याबाबत महाराष्ट्र-तेलंगणाचा २०१६ साली करार झाला, तेव्हाही घासाघीस होती ती पाण्याची पातळी किती मीटर, सिरोंचा तालुक्यात किती जमीन बुडणार, याची.

पण किड्यांचे गुण आणले म्हणजे काम झालं, असंही नाही. चंद्रपूरची इरई नदी घ्या. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण होते; तिथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. इरईला शहराचं सांडपाणी आहे, तसे काठावर कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे आहेत, वर धरणाने अडवलेला प्रवाह आहे. माती नदीत उतरली की दगडांमधल्या फटी बुजतात आणि १० गुणांच्या अळ्या जातात, पाण्यात प्राणवायू पुरेसा असला तरी. सांडपाण्यासाठी बेतलेली गुणपत्रिका ही घसरण कुजक्या पाण्याच्या खात्यात टाकणार, आणि उपाय म्हणून आणखी एक शुद्धीकरण केंद्र सुचवलं जाणार. ढिगारे जागच्या जागी!

म्हणून इथे गुणांच्या शेजारी तळाचीही नोंद हवी: दगड किती उघडे, किती गाडलेले. आणि नमुने धरणाच्या वर, खाणींच्या पट्ट्यात, झरपट नदीच्या संगमाखाली असे वेगवेगळे, पावसाळा सरून पाणी निवळल्यावर.