आबदाराची बिअर
इंडिया पेल एल या बिअरचा इतिहास सांगणारे लंडनपासून सुरुवात करतात आणि पिंपं हुगळीच्या घाटावर उतरली की थांबतात. रेल्वेच्या नोकरीपायी मी नागपूरहून हावड्याला आलो आणि इथलाच झालो. नदीच्या या काठावरून पाहिलं, की खरी गोष्ट पिंप उतरल्यावर सुरू होते असं मला वाटतं.

लंडनच्या बो भागात जॉर्ज हॉजसनची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरच्या कप्तानांना थोडा खासगी माल नेण्याची मुभा असे आणि हॉजसन त्यांना लांब मुदतीच्या उधारीवर बिअर देई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येईपर्यंत चार-सहा महिने जात. हॉप्सचा सढळ वापर केलेली ती बिअर वाटेत मुरायची. हॉजसनने ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही कथा मला पटत नाही. ऑक्टोबरात करून मुरवत ठेवायची कडक बिअर इंग्लंडात आधीपासून होती. पुढं 1822 च्या सुमाराला बर्टनचे भट्टीवाले ऑलसॉप या धंद्यात उतरले, पाठोपाठ बास आले आणि हॉजसनची मक्तेदारी मोडली.

पण चैत्र-वैशाखात कलकत्त्याच्या कोठीत ही बिअर प्यायची कशी? ती कोमट बाटली पिण्याजोगी करणारा माणूस म्हणजे आबदार. तो पसरट भांड्यात पाणी घेई, त्यात सोरा टाकी आणि बाटली त्या पाण्यात धरून सारखी फिरवत राही. सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, भांडं बाहेरून घामेजतं आणि बाटली गार होते. फिरवणं थांबलं की गारवाही थांबला. नंतर ते पाणी आटवलं की सोरा परत मिळे. हा सोरा बिहारातून गंगेवाटे नावांनी येई. युरोपात त्याची बंदुकीची दारू व्हायची, इथं त्यानं पिण्याची बाटली गार व्हायची.

ही कला साहेबांनी आणलेली नाही. 'आईन-इ-अकबरी'त पाच शेर पाण्याला अडीच शेर सोरा असं मापच दिलंय. आपल्याकडे शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत आबदारखाना आहे. बिअरच्या इतिहासात या माणसाला भट्टीवाल्याच्या बरोबरीचं स्थान द्यायला हवं, असं मी आग्रहानं म्हणतो. उत्तम बिअर कोमट पाजली तर सहा महिन्यांचा प्रवास वाया.

आबदाराच्या विद्येला पहिला धक्का 1833 मध्ये बसला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं 'टस्कनी' जहाज मे महिन्यात 180 टन बर्फ घेऊन निघालं आणि सप्टेंबरात कलकत्त्याला लागलं तेव्हा सुमारे शंभर टन शिल्लक होता. गोऱ्या मंडळींनी वर्गणी काढून बर्फघर बांधलं. 1878 मध्ये बेंगॉल आइस कंपनी निघाली आणि बर्फ शहरातच तयार होऊ लागला.

तोवर हावडा बदललं होतं. 15 ऑगस्ट 1854 ला इथून हुगळीपर्यंत पहिली गाडी धावली. पूल नव्हता, तिकीट पलीकडे आर्मेनियन घाटावर काढायचं आणि होडीनं या काठाला यायचं. ईस्ट इंडियन रेल्वेच्या उपाहारगृहांचं काम केल्नर कंपनीकडे गेलं. तीच कंपनी मद्याचीही व्यापारी होती. म्हणजे ज्याच्या पाठीशी स्वतःचा आबदार नाही, अशा साध्या प्रवाशालाही टेबलाशी बसून पेला मागता येऊ लागला. घरच्या चाकराची जागा पगारी वेटरनं घेतली.

नदीपलीकडे धर्मतल्ल्याला 1872 पासूनचा शॉ बार आहे. लोक त्याला छोटा ब्रिस्टल म्हणतात. तिथं अनोळखी माणसं एकाच टेबलाशी बसतात आणि वेटर पैसे आधी घेतो. अलीकडच्या काळापर्यंत बायकांना तिथं प्रवेश नव्हता, ही गोष्ट मला खटकत आली होती. आता तो मिळाला आहे.