सर्व्हरचा दूरस्थ पुनरारंभ आणि त्याचे स्वयंचलन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बँका, रुग्णालये, विमानसेवा, विद्यापीठांचे परीक्षा विभाग अशा सर्वच संस्थांचा व्यवहार आज सर्व्हरवर अवलंबून आहे. सर्व्हरवरील प्रणालीत आढळलेला दोष दूर करण्यासाठी जी दुरुस्ती पाठविली जाते तिला 'पॅच' म्हणजे ठिगळ असे म्हणतात. प्रारंभीच्या काळात छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर आज्ञावली लिहिली जाई आणि चुकलेल्या छिद्रांवर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटविला जाई. त्यावरून हा शब्द रूढ झाला. मात्र आधुनिक ठिगळ केवळ लावून भागत नाही. बहुधा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. या पुनरारंभाचे काम यंत्राकडे कसे सोपविले गेले आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पुनरारंभाची आवश्यकता :
विंडोज प्रणालीत वापरात असलेली फाइल सहसा बदलता येत नाही. म्हणून नवी फाइल बाजूला ठेवून, पुढील प्रारंभाच्या वेळी जुनीच्या जागी ती बसवावी अशी नोंद रजिस्ट्रीत केली जाते. युनिक्स परंपरेत चालू फाइलही बदलता येते. तथापि स्मृतीत आधीच उतरलेला कर्नल जुनाच राहतो. म्हणजे दोन्हीकडे पॅच बसविणे आणि तो लागू होणे या भिन्न घटना ठरतात. या दोहोंमधील काळात सर्व्हर कागदोपत्री सुरक्षित, परंतु प्रत्यक्षात असुरक्षित असतो.

विलंबाची किंमत :
२५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' या कृमीने पहिल्या दहा मिनिटांतच सदोष सर्व्हरपैकी बहुसंख्य सर्व्हर ग्रासले. त्यावरील पॅच जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाला होता. हा कृमी केवळ स्मृतीत राहत असल्याने पुनरारंभाने तो नाहीसा होई. पण पॅच नसल्यास तोच सर्व्हर पुन्हा बाधित होई. ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या 'ब्लास्टर'ची कथाही अशीच होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देण्याची प्रथा सुरू केली. त्यामुळे पुनरारंभ हा अपवाद न राहता मासिक कर्तव्य बनला. तरीही मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने इंग्लंडमधील सुमारे एक तृतीयांश सरकारी आरोग्य न्यासांचे कामकाज विस्कळीत केले, तेव्हा संबंधित पॅच येऊन दोन महिने लोटले होते. विलंबाचे मूळ केवळ आळसात नव्हते. चालू सेवा थांबविण्याचे आणि बंद केलेला सर्व्हर पुन्हा उठेल की नाही याचे भय त्यामागे होते.

साधनांचा विकास :
मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये नॉर्वेत निर्माण केलेले सीएफइंजिन हे अनेक संगणकांची व्यवस्था स्वयंचलित करणाऱ्या आरंभीच्या साधनांपैकी एक होय. विंडोजच्या क्षेत्रात २००५ मध्ये आलेल्या डब्ल्यूएसयूएस या सेवेमुळे संस्थेला पॅचचे वितरण आपल्या हाती ठेवता आले. २००९ च्या पॉवरशेलच्या दुसऱ्या आवृत्तीत दूरस्थ पुनरारंभाची स्वतंत्र आज्ञा आली.

तथापि आज्ञा देणे सोपे आणि परिणाम जाणणे कठीण होते. बंद होत असलेला सर्व्हरही काही क्षण 'पिंग'ला उत्तर देतो. त्यामुळे तो उठून परतला असा चुकीचा समज आज्ञावलीचा होऊ शकतो. शिवाय यंत्र जागे झाले तरी त्यावरील डेटाबेस सुरू झालेला असेलच असे नाही. म्हणून २०१२ च्या पॉवरशेलमध्ये सर्व्हर परत येईपर्यंत थांबण्याची सोय झाली. २०१८ मध्ये अॅन्सिबलच्या मूळ संचात समाविष्ट झालेली रीबूटची सोय तर प्रणाली सुरू झाल्याची आधीची व नंतरची खूण ताडून पाहते. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये समूहातील एकेका सर्व्हरवरील काम दुसऱ्याकडे वळवून मगच त्याचा पुनरारंभ करण्याची पद्धत आली. सर्व्हर मुळीच न उठल्यास त्याला बाहेरून चालू-बंद करण्यासाठी १९९८ च्या आयपीएमआय मानकाचा आधार होताच.

पुनरारंभ टाळण्याचे प्रयत्न व मर्यादा :
एमआयटीमध्ये २००८ च्या सुमारास साकारलेल्या केस्प्लाइसने चालू लिनक्स कर्नलमध्येच पॅच बसवून दाखविला. २०१५ च्या लिनक्स ४.० मध्ये या पद्धतीचा पाया मूळ कर्नलचा भाग बनला. तरी प्रत्येक बदल असा करता येत नाही. विंडोजच्या हॉटपॅच योजनेतही सामान्यतः तिमाहीस एक पुनरारंभ उरतोच.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्ययावतीकरणाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक कोसळले. त्यांतील अनेक संगणक पुन्हा पुन्हा सुरू होत आणि पुन्हा पुन्हा बंद पडत. कित्येकांपाशी माणसालाच जाऊन बसावे लागले. एकाच वेळी सर्वत्र केलेल्या स्वयंचलनाने चूकही सर्वत्र पोहोचते, हे या घटनेने स्पष्ट केले.

निष्कर्ष :
स्वयंचलनाचा हा इतिहास केवळ श्रमबचतीचा नाही. विलंब केल्यास आक्रमणाचे भय आणि घाई केल्यास सेवा कोसळण्याचे भय, या दोहोंमधून काढलेली ती वाट आहे. थोड्या सर्व्हरपासून आरंभ, ठरलेला क्रम, परत आल्याची खातरजमा आणि शंका येताच थांबणे ही तिची पथ्ये होत. पुनरारंभाची आज्ञा यंत्र देऊ शकते. कोणती सेवा केव्हा थांबवावी आणि तिच्या खंडाची झळ कोणी सोसावी, हा निर्णय मात्र संस्थेलाच घ्यावा लागतो.