विद्वत्समुदायांचे मानचित्रण : वक्तृत्वशास्त्र व लेखन-अध्ययन

लेखांतील संदर्भ, पीएच.डी. प्रबंध, मार्गदर्शक-विद्यार्थी संबंध आणि नेमणुका यांच्या नोंदी एकत्र करून एखाद्या ज्ञानशाखेतील अभ्यासक एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे आलेख, जाळी व नकाशे यांतून दाखविण्याची पद्धती. वक्तृत्वशास्त्र व लेखन-अध्ययन या ज्ञानशाखेत ती मुख्यतः अमेरिकेत रुजली.

पार्श्वभूमी : अमेरिकेत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला लेखन शिकविण्याचे काम बहुधा इंग्रजी विभागांकडे असे आणि साहित्याभ्यासापुढे ते दुय्यम मानले जाई. या शिक्षकांची ‘कॉन्फरन्स ऑन कॉलेज कॉम्पोझिशन अँड कम्युनिकेशन’ ही संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली. तिचे ‘कॉलेज कॉम्पोझिशन अँड कम्युनिकेशन’ (यापुढे ‘सीसीसी’) हे नियतकालिक १९५० पासून निघते. पुढे या विषयात पीएच.डी. अभ्यासक्रम सुरू झाले, तरी राष्ट्रीय आकडेवारीत तो इंग्रजी साहित्यातच मिसळून जाई. लुईस वेदरबी फेल्प्स व जॉन ॲकरमन यांनी चालविलेल्या ‘व्हिजिबिलिटी प्रोजेक्ट’ने स्वतंत्र नोंदीसाठी पाठपुरावा केला. २०१० च्या शासकीय अभ्यासक्रम-वर्गीकरणात या विषयाला २३.१३ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला. नोंद नाही तर मोजणी नाही, आणि मोजणी नाही तर निधी व जागांसाठी दावा करणे अवघड, हे या खटपटीमागचे कारण होते.

प्रमुख प्रकार : (१) संदर्भगणना. कोणाचा उल्लेख किती वेळा झाला, हे यात मोजतात. डोना बर्न्स फिलिप्स, रूथ ग्रीनबर्ग व शॅरन गिब्सन यांनी १९९३ मध्ये ‘सीसीसी’चा असा आढावा घेतला. डेरेक म्युलर यांनी २०१२ मध्ये त्याच नियतकालिकाच्या पंचवीस वर्षांतील संदर्भयाद्या तपासल्या. मोजकी नावे पुन्हा पुन्हा येतात, तर बहुसंख्य नावे एकदाच येतात, असे त्यांत दिसले; या एकेकट्या नावांची ‘लांब शेपटी’ विषय फुटत, पसरत असल्याचे सुचविते. म्युलर यांचा ‘नेटवर्क सेन्स’ हा ग्रंथ २०१७ चा. (२) वंशावळ. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये उभारलेल्या ‘रायटिंग स्टडीज ट्री’मध्ये कोण कोणाच्या हाताखाली शिकले, कोणी कोणाबरोबर काम केले, याच्या नोंदी अभ्यासक स्वतःच भरतात. (३) प्रबंधांचे वाचन. बेंजामिन मिलर यांनी ‘डिस्टंट रीडिंग्ज ऑफ डिसिप्लिनॅरिटी’ (२०२२) या ग्रंथात एकत्र येणाऱ्या शब्दांवरून विषय ओळखणाऱ्या संगणकीय प्रतिमानाने प्रबंधांतील विषयांचे गट पाडले. (४) स्थलनकाशे. जिम रिडॉल्फो यांच्या ‘रेटमॅप’वर पीएच.डी. अभ्यासक्रम व प्राध्यापकपदांच्या जाहिराती नकाशावर मांडलेल्या असतात.

कार्यपद्धती : सर्वाधिक वेळ नोंदी नीट करण्यात जातो. ‘जेम्स ए. बर्लिन’, ‘जेम्स बर्लिन’ आणि ‘जे. बर्लिन’ ही एकच व्यक्ती, हे संगणकाला सांगावे लागते. एरवी एका लेखकाचे तीन बिंदू होतात. त्यानंतर सहसंदर्भ मोजतात. दोन लेख इतरांच्या संदर्भयाद्यांत वारंवार एकत्र आले, तर त्यांना जोडणारी रेषा जाड होते. ही पद्धत हेन्री स्मॉल यांनी १९७३ मध्ये विज्ञान-साहित्यासाठी मांडली होती. शेवटी दाट जोडलेल्या बिंदूंचे गट संगणक वेगळे काढतो आणि त्या गटांना ‘समुदाय’ म्हटले जाते.

मर्यादा : जाड रेषा म्हणजे मतैक्य नव्हे. लिंडा फ्लॉवर व जॉन हेज यांचा लेखनाच्या मानसिक प्रक्रियेवरील लेख १९८१ मध्ये ‘सीसीसी’त आला. १९८८ मध्ये याच ज्ञानशाखेतील अभ्यासक जेम्स बर्लिन यांनी या बोधनवादी दृष्टिकोनामागील विचारसरणीवर टीका केली. पुढील लेखकांनी हा वाद सांगताना दोन्ही बाजूंचा संदर्भ दिला, की नकाशावर विरोधकही शेजारी दिसतात. वंशावळीतही ज्यांनी माहिती भरली त्यांच्या शाखा फोफावतात. इंग्रजी नियतकालिकांवर आधारलेला नकाशा इतर भाषांतील लेखन-अध्यापनाबद्दल काही सांगत नाही. शिवाय या विषयाचे रोजचे काम ज्यांच्यावर चालते, त्या तात्पुरत्या नेमणुकीवरील शिक्षकांना संशोधनलेख लिहिण्यास वेळ व पाठबळ कमीच मिळते. त्यामुळे संदर्भांवर बेतलेल्या नकाशात त्यांचा बिंदू बहुधा उमटतच नाही.