भातामागून वाल



भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमाग आठवतात, नाहीतर काल्हेर-पूर्ण्याकडची गोदामं. पण पडघा, अंबाडी, वज्रेश्वरी या बाजूला अजून भाताची खाचरं आहेत. भात कापला की त्याच खाचरात वाल पेरायचा, ही तिथली जुनी रीत. कृषी सहायक तिला 'पिकांची फेरपालट' म्हणतात. आपल्या आजेसासवांना हा शब्द माहीत नव्हता, पण काम माहीत होतं. आज त्याच कामाचा इतिहास सांगतो.

भात निघाल्यावर जमिनीत ओल असते. ती उडायच्या आत वाल पडला पाहिजे. मग त्याला पाणी नाही, युरिया नाही. जमिनीतली ओल आणि थंडीतलं दव यांवरच तो येतो. हिरव्या शेंगा बाजारात जातात, सुका वाल बिरड्याला घरात राहतो. भाताचे पैसे घरच्या कारभाऱ्याच्या हाती आणि शेंगांचे बाईच्या, हेही बऱ्याच घरांत ठरलेलं असायचं!

माळाच्या वरकस जमिनीचा क्रम वेगळा होता. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग खुरासणी किंवा तीळ, आणि पुढे काही वर्षं जमीन पड. आधी जास्त खाणारं पीक, मग कमी खाणारं, मग विश्रांती. याला जमीन मात्र भरपूर लागते. माणसं वाढली, वाटण्या झाल्या, तशी पड ठेवायची वर्षं कमी झाली आणि माळ दमले.

इंग्रज सरकारने १८८९ मध्ये व्होलकर नावाचे शेती-रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानात पाठवले. इथली शेती मागासलेली आहे हा इंग्लंडातला समज चुकीचा आहे, असं त्यांनी १८९३ च्या अहवालात लिहिलं. शेतकरी पिकं बदलून आणि मिसळून घेतो, हेही नोंदवलं. कडधान्यामागून पीक चांगलं का येतं, याचं कारण तेव्हा नुकतंच कळलं होतं. १८८६ मध्ये जर्मनीतल्या हेलरीगेल यांनी दाखवलं, की अशा झाडांच्या मुळांवरच्या गाठींमुळे हवेतलं नत्र झाडाला मिळतं. वालाचं रोप फुलोऱ्यात असताना उपटून बघा. गाठ फोडल्यावर आत लालसर दिसली, तर तिचं काम चालू आहे असं समजा.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८४३ पासून एका शेतात दरवर्षी गहूच घेतात, मुद्दाम, काय होतं ते बघायला. १९६८ पासून त्याच शेताच्या काही भागात पिकं बदलायला लागले. बदलानंतरचा पहिला गहू सतत घेतलेल्या गव्हापेक्षा जास्त येतो. कारण नुसतं खताचं नाही. एकाच पिकाचे रोग जमिनीत मुक्काम करतात, त्यांची साखळी तुटते.

आता आपला हिशेब. भातानंतर शेत मोकळं ठेवलं तर खर्च नाही, पण ओल फुकट जाते. भातानंतर भेंडी-काकडी केली तर पैसा जास्त, पण पाणी, औषधं, मजुरी लागते, आणि भाव पडला की सगळंच अंगावर येतं. वालात पैसा कमी, पण घरचं बी आणि आपलेच हात असले की बुडायला फारसं काही नाही. आमचं मत असं, की पाणी असेल तिथे एका तुकड्यात भाजी करा, तोही तुकडा दरवर्षी बदला, आणि बाकी खाचरांत वाल किंवा हरभरा घ्या. वाल काढताना मुळासकट उपटू नका, विळ्याने कापा. मुळं जमिनीत कुजली तर पुढच्या भाताला उपयोगी पडतात. कर्जत तालुक्यात नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेल्या भातपद्धतीतही हेच आहे: गादीवाफे मोडायचे नाहीत, मुळं आतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर भातानंतर वाल किंवा दुसरं पीक घ्यायचं.

मग वाल कमी का झाला? आमच्या गटांत विचारलं तर पहिलं उत्तर येतं, मोकाट गुरं. भात निघालं की गुरं सुटतात. शेजारची चार खाचरं रिकामी असली की एकटीने राखण किती करायची? दुसरं उत्तर जमिनीचं. पड दिसणारी जमीन घरात आधी विकायला निघते. जिथे माघात शेंगा लटकतात, तिथे निदान बाईला विचारावं लागतं.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी मांडायच्या आम्ही ठरवल्या आहेत: भात कापल्यापासून वाल निघेपर्यंत गुरं बांधून ठेवायची, आणि लागून असलेल्या खाचरांत सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरायचं. बियाण्याचा वाल राख लावून, सुकवून ज्यांनी ठेवला आहे, त्यांनी गटाच्या बैठकीला मूठभर घेऊन यावं. ज्यांच्याकडे बी संपलं आहे, त्यांना तो द्यायचा आहे.